रोजाचं बी राखणारी काणी करटी

मी एक करटी बोलतेय. घाटावरची माणसं मला करवंटी म्हणतात. माझं नाव लोकांच्या तोंडी सहसा चांगल्या कारणाने येत नाही. कोणी उधळेपणा करायला लागला, की 'एक दिवस हातात करवंटी येईल' म्हणून त्याला माझी भीती घालतात. जणू दारोदार फिरायलाच मी जन्माला आले. खरं सांगायचं तर मी मिठबावच्या एका घराबाहेर आयुष्यात एकदाच गेले. आणि आता विचार करते तर वाटतं, त्या दिवशी मी मागायलाच गेले होते. समुद्राकडे. ते पुढे सांगेन.

माझा जन्म शंकरच्या विहिरीजवळच्या माडावरचा. त्या माडावरून समुद्र दिसायचा. शंकर रापणीला गेला, की जाळं ओढणाऱ्यांत तो कुठला हे मी वरून ओळखायची. मग एके दिवशी नारळ पाडणारा पाडेली चढला आणि मी धप्पकन खाली आले. शंकरच्या बायकोने, सुगंधाने, बांगड्याच्या तिखल्यासाठी मला फोडलं आणि आडाळ्यावर बसून माझं खोबरं किसून घेतलं. माझी दुसरी अर्धी त्याच संध्याकाळी न्हाणीच्या चुलीत गेली. मीही तिच्याच मागून जायची, पण अनुजाने मला उचललं.

अनुजा ही त्यांची थोरली. कणकवलीला कॉलेजात शिकायची आणि सुट्टीला घरी यायची. धाकटा सर्वेश तेव्हा शाळेत होता. अनुजाला कुठलीही गोष्ट फेकून द्यायचं जिवावर यायचं, म्हणून सुगंधा तिला चिंधीबाय म्हणायची.

नारळाला तीन डोळे असतात. दोन कायमचे मिटलेले. तिसरा नाजूक, काडीने टोचला की उघडतो. अनुजाने माझा तो तिसरा डोळा उघडला, फुटक्या काचेने घासून मला गुळगुळीत केलं आणि म्हणाली, "आई, बग, ही आमची काणी." तेव्हापासून घरात माझं नाव काणी पडलं. एकाच डोळ्याची म्हणून कोणी चिडवलं असतं तर राग आला असता. पण तिने इतक्या लाडाने म्हटलं, की मला ते नाव आवडलं.

तिला मी हवी होते ती रोपांना पाणी घालायला. तांब्याने पाणी ओतलं तर कोवळं रोप मुळासकट उखडतं. मला पाण्यात बुडवायचं, खालून डोळ्यावर बोट धरायचं, रोपापाशी न्यायचं आणि बोट जरासं सैल करायचं. थेंब थेंब पाणी पडतं. माझ्या अंगी एवढा एकच गुण, पण तो कुठल्या झारीच्या अंगी नाही.

रोपं होती रोजाची. रोजा म्हणजे तुमचा झेंडू. गोव्याकडून आलेला हा शब्द आमच्या बाजूच्या बायका अजून वापरतात, आणि मुंबईचा पाहुणा गुलाब शोधत परसात फिरतो. अनुजाच्या आरोंद्याच्या मैत्रिणीने तिला थोडं बी दिलं होतं. रंग कोणता ते मात्र मुद्दाम सांगितलं नव्हतं. फुललं की बघ, म्हणाली होती.

गणपती नुकतेच गेले होते. पाऊस ओसरला होता, विहिरीमागची माती मऊ होती. म्हाळ सुरू झाले होते. पितृपक्षाला आम्ही म्हाळ म्हणतो. शेजारची अक्का कुंपणावरून म्हणाली, "म्हाळात नवीन काय करू नये गो चेडवा." अनुजा हसून म्हणाली, "अक्के, आता घातलंय तरच जत्रेक फुलतली." आमच्या देवळाची जत्रा तुळशीच्या लग्नानंतर असते. आणि तिने बी पेरलं, वर राख भुरभुरली आणि मला हातात घेतलं.

रोपं टरारून आली. अनुजा सुट्टीला कॉलेजातून आली की पिशवी पडवीत टाकायची आणि आधी वाफ्याकडे धावायची. एकच प्रश्न असायचा. "गो आई, रंग खंयचो येतलो?" सुगंधा म्हणायची, "फुलला काय कळतला." फुललं की कळेल.

मग भातकापणी आली. अनुजा आईबरोबर मळ्यातल्या चिखलात उतरली. त्यानंतर तिला ताप आला. पावसाळा सरताना आमच्याकडे जो वाईट ताप येतो, तो. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. इस्पितळात ती आईला विचारायची, "कळी इली?" आई म्हणायची, "इली." "रंग?" "अजून मिटलेली आसा. तू घराक ये, मगे फुलतली." हे मी सुगंधाच्याच तोंडून ऐकलं, कारण पुढे कितीतरी दिवस ती वाफ्याजवळ बसून हेच पुन्हा पुन्हा बोलायची.

अनुजा घरी आली, पण जिवंत आली नाही. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला कळ्या उमलल्या. गडद किरमिजी पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीला बारीक पिवळी किनार. तसा रोजा मिठबावात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. सुगंधाने पहिलं फूल बघितलं आणि ती विहिरीच्या कठड्याला धरून खाली बसली. पोरीने इतक्यांदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं होतं आणि सांगायला पोर नव्हती. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की मीही चुलीत गेले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी म्हाळ आले. शंकरच्या आईवडिलांच्या नावाने पानं वाढली, कावळ्याला घास ठेवला. सुगंधाने हळूच भटजींना विचारलं, "आमच्या अनुचा?" लग्न न झालेल्या मुलीचा वेगळा म्हाळ घालत नाहीत, असं ते म्हणाले. वाईट हेतूने म्हणाले नाहीत. रीत होती ती सांगितली. सुगंधाने मान डोलावली, पाहुण्यांना जेवायला वाढलं, भांडी घासली आणि मग मला घेऊन विहिरीमागे आली. माझ्या पोटात तिने अनुजाच्या रोजाची सुकलेली फुलं जपून ठेवली होती. ती तिने चुरली, बी वाफ्यात पेरलं आणि माझ्या डोळ्यातून पाणी घातलं.

तोच अनुजाचा म्हाळ. दर वर्षी, त्याच दिवसांत. त्याला मंत्र नव्हते आणि जेवणावळ नव्हती.

आमचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहे. चार महिने तो वाफा पाण्याखाली असतो आणि जमिनीत पडलेलं बी कुजून जातं. म्हणून जत्रा झाली की सुगंधा फुलं झाडावरच सुकू द्यायची, मग खुडून माझ्यात भरायची, जुन्या लुगड्याचा तुकडा वर बांधायची आणि मला देवाच्या खोलीतल्या फळीवर ठेवायची. खाऱ्या हवेत सगळं दमट होतं, पण तिथे समईची ऊब असते. ती फुलं कोणाच्या केसांत गेली नाहीत. जत्रेतही नाहीत. अनुजाच्या फोटोला एक हार व्हायचा आणि बाकीची बियांसाठी राहायची.

अशी बरीच वर्षं मी ते बी राखलं. मला त्याचा अभिमान होता, कशाला खोटं बोलू. देव्हाऱ्यातले देव एका अंगाला आणि मी एका अंगाला. वजन म्हणाल तर चिमणीएवढं. पण त्या घरात दुसरं कशालाच इतकं जपत नव्हते.

फक्त एक होतं. त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. सुगंधाने विषय काढला की तिचे डोळे भरायचे, म्हणून शंकरने काढायचा सोडला. शंकर गप्प व्हायचा, म्हणून सुगंधाने सोडला. सर्वेश जहाजावर नोकरीला लागला, महिनोन्महिने समुद्रावर असायचा. फोनवर तो बहिणीचं नाव घ्यायचा नाही. मालवणी माणूस एरवी इतका बोलतो, की समोरच्याचा चहा निवतो. पण काळजातलं असलं की कुलूप.

यंदा उन्हाळ्यात सर्वेशचं लग्न झालं. कणकवलीची इशिता या घरात सून म्हणून आली. वडील शिक्षक, त्यामुळे घरात शुद्ध बोलायची सवय. पण मुलगी गोड आणि कामाला वाघ. सर्वेश पावसाच्या आधीच जहाजावर गेला, आणि तिने सासूसासऱ्यांना आपलंसं करून घेतलं. फोटोतली मुलगी ही आपली वारलेली नणंद, एवढं तिला ठाऊक होतं. फळीवरच्या करटीचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

गणपती आले. इशिताचा या घरातला पहिला गणपती. तिने गणपतीवरची फळाफुलांची माटवी बांधायला मदत केली, देवाची खोली पुसून लख्ख केली, आणि निर्माल्याची तर इतकी काळजी घेतली, की मलाच कौतुक वाटत होतं. रोजचे हार, दुर्वा, बेल, सगळं ती एका स्वच्छ कापडात गोळा करायची. पायाखाली येऊ नये, केरात जाऊ नये, देवाचं ते समुद्रालाच जावं.

विसर्जनाच्या दिवशी तिने फळीवरून मला खाली घेतलं. कापड सोडलं. आत सुकलेली झेंडूची फुलं. देवाच्या खोलीत, समईशेजारी, कापडात बांधून ठेवलेली. दुसरं ती काय समजणार हो? मी ओरडले असते. पण करटीला तोंड नसतं, डोळाच असतो. तिने मला कपाळाला लावलं आणि सगळी फुलं निर्माल्यात ओतली. मग मला साबणाने धुऊन, पुसून फळीवर पालथी ठेवली. इतकी स्वच्छ मी जन्मात कधी झाले नव्हते. निर्माल्याचं गाठोडं तिने शंकरच्या हातात दिलं, आणि शंकरने गणपतीबरोबर कमरेएवढ्या पाण्यात जाऊन ते स्वतःच्या हाताने सोडलं.

अनंत चतुर्दशी झाली, म्हाळ सुरू झाले. सुगंधाने वाफा खणला, शेण आणि राख मिसळली. मग हात धुऊन देवाच्या खोलीत आली आणि फळीवर हात घातला. मी पालथी होते, तेव्हाच तिचा हात थबकला. तिने मला सुलटी केली. आत बघितलं. पुन्हा बघितलं.

"इशिता," तिने स्वयंपाकघराकडे हाक दिली, "हेतूर सुकी फुलां होती, ती खंय गेली गो?"

"ती निर्माल्याची ना, आई?" इशिता पदराला हात पुसत आली. "एक पाकळीसुद्धा खाली पडू दिली नाही. बाबांकडे दिली. समुद्रात सोडली त्यांनी."

सुगंधाने मला पदराने उगाच पुसलं. मग म्हणाली, "बरा केलंस."

इशिता खूश होऊन परत गेली. सुगंधाने माझ्या तळाशी बोट फिरवून एखादं बी अडकलंय का ते बघितलं. एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी सुगंधा मला पदराखाली घेऊन किनाऱ्यावर गेली. घराबाहेर पडायची माझी ती पहिली आणि एकच वेळ. भरतीने जिथवर कचरा आणून टाकला होता त्या रेषेवर ती वाकून चालू लागली. साऱ्या गावाच्या गणपतींचं निर्माल्य वाळूवर परत आलं होतं. केळीची पानं, सुतळ्या, आणि झेंडू. सगळा भिजून, सुकून, काळा पडलेला. कोणाच्या घरचा कुठला, ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. तरी ती एकेक फूल उचलत होती आणि माझ्यात टाकत होती.

मागून शंकर आला. "काय सोधतंस गो?"

"अनुचा बी." तिने मान वर केली नाही. "इशितान निर्माल्य समजान दिल्यान. तुमी सोडलात."

शंकर वाळूत बसला. समुद्राकडे बघत राहिला. "माझ्याच हातान," एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तिका सांगलंस?"

"नाय. सांगूचा पण नाय. पोर नवी आसा, जलमभर मनात धरून बसात."

शंकर उठला आणि तोही वाकून शोधायला लागला. दोन म्हातारी माणसं, समुद्राने परत दिलेल्या कचऱ्यात एका मुलीचं बी शोधत होती. माझं पोट भरत होतं आणि मला ठाऊक होतं, की ते बहुतेक दुसऱ्यांचंच आहे.

परतताना अक्का भेटली. माझ्याकडे बघून म्हणाली, "दर्याक दिलेला परत घरात हाडू नये गो सुगंधा."

"दिलेला नाय अक्के," सुगंधा म्हणाली, "चुकान गेलेला."

ती फुलं तिने सुपात वाळवली, चुरली आणि वाफ्यात घातली. खाऱ्या पाण्यात राहिलेलं बी ते. बरेच दिवस काहीच आलं नाही. मग थोडी रोपं वर आली, इथे एक, तिथे एक. एक अगदी कोपऱ्यात, दुबळं. सुगंधा मला बुडवून आणायची आणि प्रत्येकाला पाणी द्यायची. आता पुन्हा सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं होतं. रंग. पान सगळ्यांचं सारखं, वासही सारखा. कळी उघडल्याशिवाय रोजा आपला रंग सांगत नाही.

इशिताला हे लपून राहिलं नाही. अक्काने एके दिवशी तिला विहिरीवर गाठून निर्माल्य घरात आणल्याचं सांगितलं, सुनेने सासूला समजवावं म्हणून. इशिताने शंकरला विचारलं. शंकर माड शिंपत होता. हातातली बादली खाली ठेवून त्याने तिला सगळं सांगितलं. अनुजा, आरोंद्याचं बी, इस्पितळ, म्हाळ. इतक्या वर्षांत तो एवढं पहिल्यांदाच बोलला.

इशिताचा चेहरा पांढरा पडला. "आई मला 'बरं केलंस' म्हणाल्या, बाबा."

"चूक तुझी नाय," शंकर म्हणाला. "आमी तुका कधी सांगलाच नाय."

त्या दुपारी ती मला मांडीवर घेऊन विहिरीमागे रडली. तिच्यावर मला रागवायचं होतं. खूप दिवस मी तो राग धरून होते. पण तिने मला ज्या श्रद्धेने कपाळाला लावलं होतं ते आठवलं, आणि राग धरवेना. सासूपुढे मात्र ती काही बोलली नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी वाफ्यावर येऊन उभी राहायची. डोळ्यावर बोट कसं धरायचं तेही शिकली.

कळ्या आल्या. तुळशीचं लग्न झालं. आणि एका सकाळी पहिली कळी उघडली, तेव्हा वाफ्यावर इशिता एकटीच होती. मी तिच्या हातात होते. ती बघत राहिली आणि तिची बोटं माझ्यावर घट्ट झाली.

मागून सुगंधा आली, पण पुढे आली नाही. न्हाणीच्या भिंतीशीच उभी राहिली. तिथून तिने विचारलं, "रंग खंयचो इलो गो?"

हाच प्रश्न. अनुजाचा. तेव्हा विचारणारी लेक होती, आज आई होती. इशिता खोटं बोलेल असं मला क्षणभर वाटलं. वाटलं काय, मी मनात म्हटलं, बोल गं बाई, किरमिजी म्हण. पण फूल समोर होतं.

"पिवळो, आई," ती म्हणाली. या घरात ती पहिल्यांदाच मालवणीत बोलली होती.

पुढच्या दिवसांत बाकीचीही उमलली. पिवळी, नारिंगी. कोणाच्या कोणाच्या गणपतीची. किरमिजी एकही नव्हतं. कोपऱ्यातल्या त्या दुबळ्या रोपाला एकच कळी धरली होती. सुगंधा त्याला दोनदोनदा पाणी द्यायची, माझ्या डोळ्यावरचं तिचं बोट तिथे जास्त वेळ सैल राहायचं. पण त्याचं खोड बुंध्याशी काळं पडलं, मान वाकली, आणि कळी मिटलेलीच सुकली.

जत्रेच्या दिवशी सुगंधाने पिवळी फुलं काढली आणि अबोली घालून वळेसर केला. अनुजाच्या फोटोला यंदा हार घातला नाही. "ही तिची न्हय," म्हणाली. मग इशिताला हाक मारली, "ये, बस हंय," आणि तो वळेसर तिच्या केसांत माळला. इशिता मान खाली घालून बसली होती. दोघी रडत होत्या, पण एकमेकींना दिसू देत नव्हत्या.

जत्रा झाल्यावर शंकर म्हणाला, "कोनशातला झाड मेला. उपटून टाकतंय."

"हात लावू नका," सुगंधा म्हणाली. "ता तिचा आसा."

इशिताने ती सुकी कळी अलगद खुडली. नखाने टोक उघडायला गेली. "आई, बघूया? आत जरासा रंग उरला असेल. निदान कळेल तरी."

सुगंधाने तिचा हात धरला. "नको गो. ऱ्हवांदे. कळला काय संपला."

आता मी पुन्हा देवाच्या खोलीत फळीवर आहे. आत बी नाही. पुढच्या म्हाळात सुगंधा काय पेरेल, मला ठाऊक नाही. ती वाफ्याकडे फारशी जातही नाही. माझा डोळा कोरडा पडला आहे आणि काठाला एक बारीक चीर गेली आहे. आम्हां करट्यांचा शेवट चुलीतच असतो, त्याचं मला भय नाही. भय दुसऱ्याच गोष्टीचं आहे.

कळी खुडली त्या रात्री इशिताने सर्वेशला जहाजावर फोन करून माझ्याबद्दल सगळं सांगितलं. अक्कालाही सांगितलं. घरी कोणी आलं की ती सांगते. बरं करते. आम्हां वस्तूंना बोलता येत नाही. तुम्हांला जीभ दिली आहे, आणि तुम्ही नेमकं जिवापाड जपलेलंच कोणाला सांगत नाही. मग एखादी भल्या मनाची पोर येते, ते कपाळाला लावते आणि समुद्रात सोडायला देते. तिला दोष कोणी द्यावा?

म्हणून तुम्हांलाही सांगून ठेवते. मिठबावला कधी या घरी आलात, साफसफाईला हात लावलात, आणि देवाच्या खोलीत कापड बांधलेली एक काणी करटी दिसली, तर जरा थांबा. आत एक सुकी कळी आहे. तिचा रंग अजून कोणी बघितलेला नाही. ती निर्माल्य नाही.